आमच्या गावाची निवड

४ नोव्हेंबर
नियोजन कार्यालयात बैठक. सरकार या भागाचा विकास आराखडा करतंय. दहा गावांतून एक निवडणार. त्या गावाला उद्योगाची शेड, वीज, पक्का रस्ता, सगळं सरकारी मदतीतून. अधिकारी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. उभा राहून सांगितलं, रस्ते खात्यात सत्तावीस वर्षं नकाशे केलेत. ट्रेसर होतो, इंजिनिअरांचे नकाशे गिरवायचो, हे सांगायची गरज वाटली नाही. मॅडम म्हणाल्या, मग गावाची माहिती तुम्हीच भरून द्या. बाकीच्यांनाही हेच म्हणाल्या, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून.
घरी येऊन हिला सांगितलं, निवड झाल्यात जमा. ही म्हणाली, मग आमच्या मशिनींसाठी एक खोली मागा. ही आणि आणखी सात बायका आमच्या व्हरांड्यात कापडी पिशव्या शिवतात. म्हटलं, एका खोलीचं काय घेऊन बसलीस. जरा मोठा विचार कर.

७ नोव्हेंबर
संकल्प: रोज सकाळी सात ते नऊ घरोघरी सर्व्हे.

८ नोव्हेंबर
थंडी. उद्यापासून.

१२ नोव्हेंबर, सकाळी १०
चार घरं झाली. पैकी दोन घरांत कुत्री. उरलेली घरं मला तोंडपाठ आहेत. नियोजन शेवटी टेबलावरच होतं.

१९ नोव्हेंबर
फॉर्ममध्ये ‘उपलब्ध सुविधा’ असा रकाना. काय लिहायचं? नर्स मंगळवारी येते. दुकानं तीन, त्यातलं एक बंद. एक तळं, उन्हाळ्यात तेही नाही. पण प्रामाणिक असावं म्हणजे रडगाणं गावं असं नव्हे. लिहिलं: आरोग्य केंद्र, बाजारपेठ, जलाशय. हिच्या पिशव्यांपुढे लिहिलं: वस्त्रोद्योग, कार्यरत, स्वयंपूर्ण.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, अहो, एवढं सगळं असेल तर सरकार आणखी कशाला देईल?
हिला सरकारी कामाची सवय नाही.

२५ नोव्हेंबर
एवढ्या कामाला ऑफिस हवं. व्हरांडा घेतला. मशिनी मागच्या अंगणात हलवल्या. तिथे उजेडही चांगला आहे. बायका काही बोलल्या नाहीत, म्हणजे पटलं असावं.

२ डिसेंबर
शेजारच्या गावाहून कंपाउंडर आला. शाळेपासूनचा मित्र. आता रिटायर झालाय, त्यामुळे त्यालाही गावासाठी काहीतरी करायचंय. अर्ज एका पानाचा, तोही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेला. मनात हसलो. सगळा तपासून दिला. आमच्याकडे काहीच नाही असंच लिहू का, त्याने विचारलं. म्हटलं, खरं तेच लिही, तुमच्या गावात लिहिण्यासारखं आहे काय. वर मॅडमचा थेट नंबरही दिला. मन मोठं ठेवावं.
जाताना तो कप ठेवायला आत गेला आणि अर्धा तास हिच्याशी हळू आवाजात बोलत बसला. बहुधा माझ्यावरच्या ताणाबद्दल.

३ डिसेंबर
ही म्हणाली, एक सांगायचंय. परिशिष्ट दोन चाललं होतं. नंतर सांग म्हटलं.

९ डिसेंबर
ही पुन्हा आली. नकाशाला रंग देत होतो, शाई ओली. धावपट्टीसाठी जागा राखून ठेवलीये. लगेच नको, पुढेमागे लागेल.

१५ डिसेंबर
आराखडा सादर. चौऱ्याऐंशी पानं. पोच घेतली. शिपायाने दोन्ही हातांनी उचलला.

६ जानेवारी
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तुमचा अहवाल वाचला, तुमच्या गावाबद्दल आमचा मोठाच गैरसमज होता.
आता काय राहिलं. निवडीनंतरचं भाषण लिहायला घेतलं. ही काहीतरी सांगायला आली, हातानेच थांब म्हटलं.

२८ जानेवारी, दुपारी १
यादी लागली. शेजारचं गाव.
तीनदा वाचली. मग मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाल्या, ही मदत ज्या गावात काही नाही त्याच्यासाठी आहे. तुमच्याकडे आरोग्य केंद्र आहे, बाजारपेठ आहे, चालू उद्योग आहे, असं तुम्हीच सहीनिशी दिलंय. म्हटलं, ते भविष्याच्या दृष्टीने होतं. त्या म्हणाल्या, आमच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.
निवडलेला अर्ज बघायला मागितला. एकच पान. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. खाली, जागा मिळाल्यास या गावात रोज येऊन शिवणकाम करू, म्हणून आठ बायकांच्या सह्या. पहिली सही मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं बघितलेली. तारीख ४ डिसेंबर.
परत येताना बसमध्ये जागा होती, तरी उभा राहिलो.

२८ जानेवारी, संध्याकाळी ७
हिला विचारलं, दोन महिने समोर बसून जेवलीस आणि एक शब्द नाही? ही भाजी निवडत होती. म्हणाली, तीनदा आले होते सांगायला. तुम्ही लिहीत होता.
म्हटलं, माझ्या पाठीमागे, माझ्याच मित्राबरोबर. त्यावर ही निवडायची थांबली. म्हणाली, खोली आधी तुमच्याकडेच मागितली होती, पहिल्याच दिवशी. अंगणात दवाने दोन मशिनी गंजल्या. ज्यांच्या होत्या त्या दोघीजणींना मी काय सांगायचं होतं?
उठलो.
कंपाउंडरला फोन केला. म्हणाला, रागावू नकोस, उद्घाटनाला ये, स्टेजवर तुझं नाव घेणार आहे. कशाबद्दल, विचारलं. म्हणाला, शुद्धलेखनाबद्दल.

२९ जानेवारी
निर्णय: कंपाउंडरशी संबंध संपले. हिच्याशी बोलणं बंद. घरात एक माणूस बोलायचा थांबला म्हणजे काय होतं ते कळू दे.

१ फेब्रुवारी
मौनाचा चौथा दिवस. शेड होईपर्यंत त्या गावच्या शाळेत खोली मिळालीये. टेम्पो आला. बायका हसत होत्या. मशिनी जड असतात. एक मलाच उचलून द्यावी लागली, न बोलता.

४ फेब्रुवारी, सकाळी ८
मौनाचा सातवा दिवस. सकाळी हिने पहिल्यांदाच विचारलं, घसा बसलाय का? उत्तर दिलं नाही. मिठाचं पाणी गरम करून ठेवलंय, गुळण्या करा, म्हणाली आणि बस पकडायला गेली.
पाणी गार होत होतं.
गुळण्या केल्या.