नावेतली येळवस

सृष्टीच्या आजोबांना पाया पडून सांगणं की,

आमी केरळात सुखरूप हाव. फोनवर तुमी नुसतं हूं हूं करताव, म्हणून हे कारड. सृष्टी लिवते म्हणाली, पण म्या पेन दिला न्हाय.

कालपासनं घरायेवढ्या नावेत ऱ्हातोय. जिकडं बघावं तिकडं पाणीच. नाव झोपेत सपान सरकावं तशी जाते, चालल्याली कळतसुदिक न्हाय. मला तर आपली जवारी या पाण्यावर डुलताना दिसते.

आज येळवस, शेतात पूजा करून तिथंच जेवायची अवस. उदय म्हणाला, "आई, सुट्टीला आलोय, हितं कुटं शेत?" तरीबी म्या आंबील केली, घरनं आणल्याले बाजरीचे उंडे काढले. नाववाल्यालाबी जेवाया बसवला. शेंगाची चटणी खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं आणखी मागितली.

मग तांब्या घिऊन आंबील शिंपडत नावेच्या कडंकडंनं फेरा घातला. सून लई हसली. चाळीस वरसं शेतात तुमी म्होरं शिंपडत चालताव आन् मी मागनं. आज म्होरं तुमची पाठ न्हवती, तर पाय कुटं टाकावा तेच कळंना.

गुडघ्याला तेल लावताव का? शेळी व्याली का? भाकरी खाताव की चहा-पावावर भागवताव?

घरी आल्यावर तोंडानं इचाराय लाज वाटंल, म्हणून हितंच इचारते. आज एकट्यानं फेरा घालताना तुमीबी मागं वळून बघितलं का?

तुमची,
सृष्टीची आजी