शिकागोचं सूप

मोंर्वाल, ९ नोव्हेंबर १९४९

चि. ल्युसिआँ यास अनेक आशीर्वाद.

तुझी काळ्या वेष्टनातली कादंबरी वाचली. तू पाठवली नाहीसच. आपले नगराध्यक्ष काबानेल वकील यांनी दिली. ते ती गावभर वाचायला देताहेत. म्हणाले, वाचा सोलांज, हे अमेरिकन लोक किती रानटी, शेजाऱ्यालाच पकडून देतात! वर नाव कुणा जॅक डोलनचं, खाली 'अमेरिकनवरून अनुवादित'. पण तुझा खबऱ्या ज्याला पकडून देणार त्याच्याच घरी जेवतो, तळाशी उरलेल्या सूपमध्ये लाल वाइन ओततो, यजमानाच्याही वाडग्यात ओततो आणि दोघं वाडगे तोंडाला लावतात. शहाण्या, शिकागोत असं कोण पितं? आपल्याकडे पितात. आपल्याच घरी बाबा आणि काबानेल असेच प्यायले होते, जर्मन दाराशी आले त्याच संध्याकाळी. बाबा परतले नाहीत. काबानेल मात्र नगराध्यक्ष झाले.

पुढच्या महिन्यात बाबांचं नाव कोरलेल्या स्मारकाचं अनावरण या काबानेलांच्याच हस्ते आहे. त्याआधी कादंबरीवर तुझं खरं नाव घाल आणि आत आपल्या गावाचं. खोकला कसा आहे? लोकरीचे मोजे पाठवलेत. ते तरी अमेरिकन म्हणून विकू नकोस.

तुझी ताई,
सोलांज

पॅरिस, १६ नोव्हेंबर

ती. ताईस कृतानेक सा. न. वि. वि.

मोजे मिळाले, ऊब आली. पत्राने जरा जास्तच. प्रकाशकाला विचारलं. तो हसला. म्हणाला, फ्रेंच माणूस खून करतो तो प्रेमापोटी. अंधारात शेजाऱ्याला विकतो तो अमेरिकन. हे गिऱ्हाईक ठरवतं, मी नाही. गंमत म्हणजे आमच्या पुस्तकमालेतले निम्मे 'अमेरिकन' लेखक माझ्याच कॅफेत बसतात, आणि त्यांतल्या एकानेही समुद्र ओलांडलेला नाही. वाइनचं मात्र चुकलंच. पुढच्या आवृत्तीत व्हिस्की करतो. शिवाय काबानेलविरुद्ध पुरावा काय आहे आपल्याकडे? रागावू नकोस.

तुझा धाकटा,
ल्युसिआँ

मोंर्वाल, १२ डिसेंबर

चि. ल्युसिआँ यास आशीर्वाद. या खेपेला एकच.

छान देश आहे आपला. युद्धात शेजाऱ्यांनी शेजारी विकले, आणि आता पापं करायला अमेरिकन ठेवलेत, घरगड्यासारखे. तुझा प्रकाशक त्यांचा मुकादम आणि तू त्याचा कारकून.

काल अनावरण झालं. काबानेल फ्रान्सच्या निर्मळ आत्म्यावर बोलले, रुमालाने कोरडेच डोळे टिपले. मग सगळ्या गावाचं जेवण. सूप संपत आलं तशी त्यांनी सवयीने आपल्या वाडग्यात वाइन ओतली आणि बाटली शेजारी बसलेल्या लोहाराकडे नेली. लोहाराने वाडग्यावर तळहात ठेवला. त्याच्या पलीकडे पाववालीने ठेवला. मग तिच्या नवऱ्याने. कादंबरी काबानेलांनीच तर घरोघर पोचवली होती. बाटली तशीच धरून ते एकेक हात बघत टेबलाच्या टोकापर्यंत आले. टोकाला मी होते.

तुझं नाव कुठेच निघालं नाही, निश्चिंत राहा. फक्त नव्या आवृत्तीत ती वाइन काढू नकोस. अख्ख्या पुस्तकात तेवढीच एक जागा आहे जिथे तू घरी आला होतास.

खोकला अंगावर काढू नकोस. माया आहे म्हणूनच इतकी चीड येते, एवढं समजून घे.

सोलांज