गॅरेजचा उतार

पांढुर्णा, शनिवार, दिवेलागण

देवरावजींची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आज परत आली. "मिस्त्री, तुम्ही डावी बाजू उचलली, आता उजवी झुकून राहिली!" मागच्या आठवड्यात मीच इथं गॅरेजात पुढच्या डाव्या बाजूचा, गाडीची उंची वाढवायचा बोल्ट कसून दोन्हीकडची उंची सारखी केली होती. वीस वर्षांचा हात, मग चुकलं कुठं?

सुट्टीत घरी आलेली माझी शारदा म्हणाली, "बाबा, बोल्ट नका पाहू, जमीन पाहा. रोज सकाळी गॅरेजातल्या मारुतीच्या फोटोपुढं तांब्या ओतता, पाणी कोणीकडं जाते?"

डावीकडे. रोजच डावीकडे. म्हणजे उतारानं गाडीचा भारही तिकडे जात होता, आणि मी तीच बाजू उचलत बसलो.

जीप तिगावच्या सपाट रस्त्यावर नेली. शारदानंच बोल्ट सैल केला, गाडी दाबून-हलवून बसवली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजलं. दोन्हीकडे सारखं.

"मिस्त्री तर ही हाय," देवरावजी हसले. "तुम्ही चहा आणा!"

आणला. टपरीवर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, नव्या मिस्त्रीसाठी चहा दे.

आत्ता दिवा लावताना मारुतीला विचारलं, वीस वर्षं पाणी दाखवलंस, बोलला का नाहीस? मग वाटलं, बरं झालं. तू बोलला असतास, तर शारदानं सांगायचं राहून गेलं असतं.