दादाची नवी झडप

सांगली, ४ फेब्रुवारी १९७८

ती. हंबीरदादास, लीलाचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना तुझे कागद पुन्हा दाखवले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हृदयातली झडप पार आवळली आहे. अशीच ठेवली तर वर्ष-दोन वर्षं, तीही उशाला टेकून धापा टाकत. मुंबईला नवी बसवतात, पण साठीतल्या दहांपैकी दोन-तीन टेबलावरून परत येत नाहीत. आलास तर मळ्यापर्यंत चालशील. मात्र झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. माझं काळीज थाऱ्यावर नाही, तरी जा म्हणते. फौजेत नाव काढलंस आणि सुईला घाबरतोस, हे वहिनीने मला सांगितलं आहे.

वहिनीस नमस्कार. रागावलास तरी माया असू दे.

तुझी,
लीला

रहिमतपूर, ९ जून १९७८

चि. सौ. लीलास अनेक आशीर्वाद.

जिवंत आलो, तुझं खरं झालं. आता जन्मभर ऐकव. काल मळ्यापर्यंत एका दमात गेलो. शेजारच्या धनाजीने तोंडात बोट घातलं.

दंडावर मात्र जरा धक्का लागला की काळेनिळे डाग उठतात. तुझ्या रंगूवहिनीला ते बघवत नाही. गोळीने माझ्या रक्ताचं पाणी केलं, असं तिचं म्हणणं. म्हणून गोळी आता एक दिवसाआड, आणि दोन्ही वेळा मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला. शेळीसारखा चरतोय. अंगात जोर वाटतो, तेव्हा तिचंही चुकत नसावं. रक्त तपासायला पेरण्या उरकल्या की येतो. डॉक्टरांना सांगू नकोस, ओरडतील.

दाजींना रामराम. लोभ आहेच, तो राखावा.

तुझा,
दादा

सातारा, २३ जून १९७८

लीला वन्संना रंगूबाईचा नमस्कार.

चौथीपर्यंतच शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. गोळी रोज द्या, पाला बंद करा, लगेच घेऊन या, ही तुमची तार पोस्टमनने वाचून दाखवली, तेव्हा आम्ही ह्यांना जीपमध्ये घालत होतो. सकाळी कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देत होता. मी सगळं सांगितलं. गोळी कमी पडली आणि पाल्याने तिचा उरलासुरला गुणही मारला, म्हणाले. गाठ धरली, ती मेंदूत गेली. बोलणं परत येईलसं वाटत नाही. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं, वन्सं. मला वाटलं, मी ह्यांचं रक्त भरतेय.

हे ओळखतात. मी भरवायला बसले की तोंड मिटून घेतात. तुम्ही या, तुमच्या हातनं खातील. डॉक्टर रोज छातीला नळी लावतात आणि म्हणतात, झडप अगदी झकास चाललीय, तिला काहीही झालं नाही.

मला तोडू नका.

तुमची वहिनी,
रंगूबाई