तह मोडण्याआधीची थाप

घाटकोपर, मंगळवार, दिवेलागण

राजेरजवाड्यांच्या लढाईच्या खेळात संगणक न सांगता तह मोडतो, म्हणून काल मी खेळाच्या फाइलीत जाऊन नियमच बदलला: मोडायचा तर एक खेळी आधी कळवायचं. आज पडद्यावर तह मोडत असल्याचा निरोप आला, शुद्ध भाषेत. तरी मन भरेना.

चाळीत शेजारचा सदा आपल्या खोलीतल्या संगणकावरून माझ्याशी हाच खेळ खेळायचा. दगा तोही द्यायचा, पण आधी भिंतीवर थाप मारून ओरडायचा, “तह मोडतोय रे, चहा टाक!” चाळ पाडली आणि तो विरारला गेला. ती थाप नियमात कशी लिहायची? या नव्या घराच्या भिंतीपलीकडे तर लिफ्ट आहे.

दिवा लावून हात जोडले. देवाकडे शत्रू मागतं का कुणी? मी मागितला. भिंतीवर थाप मारणारा.