आजाराविना एकतीस दिवस

सोमवार, २८ जुलै

बाबा उठले! एकवीस दिवसांनी!

बुटांचा कारखाना बंद झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई हाका मारून थकली, आजी दुवा मागून थकली, माझी आठ वर्षांची बहीण सेकार तर त्यांच्या पाठीला टेकून गृहपाठ करायला लागली होती. माणूस ढिम्म! आणि आज पहाटे ठकठक ऐकू आली म्हणून बाहेर आले, तर बाबा भिंतीत खिळा ठोकतायत.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी लोकांनी पंखे उचलले, खुर्च्या उचलल्या. आमच्या बाबांनी काय आणलं? फाटकावरचा बोर्ड. 'अपघाताविना दिवस', आणि खाली आकडे टांगायला हुक. बावीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होते, तो आकडा रोज तेच बदलायचे. आता 'अपघात' शब्दावर रंग मारून 'आजार' लिहिलंय आणि शून्य टांगलंय.

"आजपासून या घरात कुणी आजारी पडणार नाही," म्हणाले. डोक्यावर पिवळं हेल्मेट. खाली पायजमा तोच, तीन आठवड्यांचा.

आई रडली. आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही.

बुधवार, ३० जुलै

आकडा दोन. साडेपाचला शिट्टी, मग कवायत, मग हजेरी. एकेकीने जीभ दाखवायची. नाव पुकारलं की "उत्तम!" असं ओरडायचं. स्वयंपाकघरात जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय, चूल पेटलेली असताना ती ओलांडायची नाही. मग भात ढवळायचा कसा? त्याचा विचार चालू आहे म्हणे.

आजीला संबलची तिखट चटणी वाटताना गॉगल लावायला लावला.

"अरे दार्सो, तुला याच मिरचीवर वाढवला, तेव्हा कुठे होता गॉगल?"

"आई, गॉगल."

लावला बिचारीने. गॉगल लावून मिरच्या वाटणारी आजी बघून आम्ही दोघी बहिणी इतक्या हसलो की सेकारला उचकी लागली. मग उचकी हा आजार आहे का, यावर अर्धा तास चर्चा! (नाही.)

शनिवार, २ ऑगस्ट

आजी हजेरीत खोकली. साधा खोकला नाही, आतून येणारा.

 बाबांचा हात सरळ हुकाकडे. चेहरा परत तसाच झाला, भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हाचा. आई पाठीमागून डोळे मोठे करून माझ्याकडे बघतेय — बोल काहीतरी!

"ठसका, बाबा! मिरचीचा!"

बाबांनी वहीत लिहिलं. 'ठसका. आजारात धरू नये.' पाचाचा आकडा टांगला आणि शिट्टी वाजवली. आजी मागच्या दारी जाऊन पदरात तोंड खुपसून उरलेलं खोकून आली.

रविवार, ३ ऑगस्ट

आईने आम्हा दोघींना मोरीत गाठलं. ती दिवसभर लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करते, तिच्या बोटांना साबणाने भेगा पडल्यात. हातमोजे घालून हजेरी देते हल्ली.

"नीट ऐका. शून्य लागलं ना, की ते परत झोपणार. मला परत ते बघवणार नाही. काही झालं तरी आपण सगळ्या ठणठणीत. कळलं?"

"दात पडला तर?" सेकार.

"गिळून टाक."

शनिवार, ९ ऑगस्ट

पोटात आग पडते. सकाळी, उपाशीपोटी, कवायतीच्या वेळीच नेमकी! माझा अर्धा भात मी सेकारला देते, ती वाढत्या अंगाची आहे. मी सतरा वर्षांची, आता किती वाढायचंय?

"एंदाह?"

"उत्तम!"

पोटावर हात दाबून धरला होता. बाबांना वाटलं मी सावधानमध्ये उभी आहे. बाकीच्यांना म्हणाले, "हिच्यासारखं उभं राहा."

रविवार, १७ ऑगस्ट

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोत्यांची शर्यत, दोरीला टांगलेले पापड तोंडाने खायची शर्यत, सगळं नेहमीचं. बाबा हेल्मेट घालून हजर! शर्यतीच्या वाटेवर घरातल्या गाद्या अंथरल्या. पोरं गाद्यांना अडखळूनच पडली. पापडाच्या दोरीखाली उभं राहून ओरडत होते, "चावून खा! बत्तीस वेळा!" सगळी गल्ली हसून लोळायची बाकी होती.

मला लाज वाटली. मग शेजारच्या बू रुमिनी, म्हणजे रुमिनीकाकू, म्हणाल्या, "हसू दे गं त्यांना. दार्सो उठलाय, हे काय कमी आहे?"

आकडा वीस. बाबांनी सगळ्यांना केळ्याची भजी खाऊ घातली.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज काय झालं ते लिहायलाच हवं!

पोटाची आग सहन होईना म्हणून शाळा अर्ध्यात सोडून गुपचूप बू रुमिनींकडे गेले. आमच्याकडे काहीही दुखलं तरी अंगात वारा शिरलेला असतो. मग पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने खरडायचं. लाल पट्टे उठले की वारा गेला. रुमिनींचा हात त्यात वाकबगार.

मागच्या खोलीचा पडदा सारते तर आत आजी! पाठ उघडी, सगळी वाघासारखी. एवढ्या उकाड्यात ही बाई स्वेटर का घालते ते आत्ता कळलं. तिच्या शेजारी आई, आपल्या नंबराची वाट बघत, ब्लाउजची बटणं सोडून.

तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"उत्तम," आजी म्हणाली.

मग जे हसलो! आई तर हसता हसता भिंतीला धरून खाली बसली. आता वेळा ठरवून घेऊ म्हणाली, म्हणजे अशी टक्कर व्हायची नाही.

रुमिनी तेलाचे हात पुसत म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवारची सकाळ सोडून हं. ती दार्सोची."

कुणाची?

"तुम्ही कामाला, शाळेला गेलात की येतो. छातीत वारा बसलाय म्हणतो, डाव्या हातापर्यंत उतरतो. मी दोन-दोनदा खरडते, पट्टे काळे उठतात, पण वारा काही जात नाही. मी म्हटलं, घरी सांग. तर म्हणतो, घरात सगळ्या ठणठणीत, मीच कसा शून्य लावू?"

आईने बटणं लावली. एकही नीट लागलं नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

आई म्हणाली, सहज दवाखान्यात जाऊन येऊ. बाबा हसले. "कशाला? तीस दिवस झाले!" सिद्ध करायला दहा बैठका मारल्या. नंतर बराच वेळ पायरीवर बसून होते, चपलेचा पट्टा नीट करतोय म्हणाले. चपलेला पट्टाच नव्हता. आजीने ओरडून बघितलं, आईने हात जोडून बघितलं. माणूस ढिम्म. मला इतका राग आला, वाटलं तो बोर्ड चुलीत घालावा!

गुरुवार, २८ ऑगस्ट

रात्री सारखा तोच विचार डोक्यात. मग आठवलं, कारखान्याचा एक नियम बाबा नेहमी सांगायचे. जखमी कामगाराला एकटं पाठवायचं नाही. सुपरवायझरने स्वतः सोबत जायचं, डॉक्टर बघेपर्यंत जागचं हलायचं नाही.

सकाळी हजेरी. बोर्डावर एकतीस.

"एंदाह?"

"आजारी."

सेकारने तोंडावर हात ठेवला.

"पोट. तीन आठवडे झाले. लपवलं मी."

बाबांनी वही खाली ठेवली. मला वाटलं, झालं, आता जाऊन झोपतात. संपलं सगळं. मीच केलं हे. बाबांनी तीन काढला, एक काढला. शून्य अडकवायला गेले, तर हुकच सापडेना. आजी पुढे होऊन मदत करणार, तर म्हणाले, "नको, माझं काम आहे."

मग हेल्मेट घातलं.

"चल. नियम आहे."

वडापमधून गेलो. मला खिडकीशी बसवलं, गचके बसू नयेत म्हणून सबंध रस्ता माझ्या पाठीमागे हात धरून होते. घामाने निथळत होते. "फार दुखतंय का गं?" दर दोन मिनिटांनी. मला रडू आलं, तर म्हणाले, "रडू नकोस, मी आहे ना सोबत."

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काल दवाखान्यात पोचताच मी नर्सच्या कानात सांगितलं होतं, यांच्या छातीत दुखतंय, आधी यांचं बघा. चाकाच्या खाटेवरून आत नेत होते तरी बाबा ओरडत होते, पोरीचा नंबर आधी आहे!

मला ॲसिडिटी निघाली. दोन गोळ्या देऊन घरी सोडलं. बाबांना ठेवून घेतलं.