काम अडेल म्हणून

प्रिय सिद्राम,

आज हेडक्लार्क म्हणून कचेरीतल्या कारकुनांचे वार्षिक शेरे लिहायला बसलो. तुझ्या जागी आलेल्या विमलचा कागद समोर आला आणि तो बाजूला सारून तुलाच लिहायला घेतलं. काविळीनं तू गेलास त्याला चार महिने झाले. तुला सांगायची एक गोष्ट माझ्या पोटात अजून तशीच आहे.

जुन्या उताऱ्यांच्या नकला द्यायचं तुझं टेबल सगळ्यात कटकटीचं. माणसं पार नातेपुत्याहून यायची आणि तू दुपारच्या आत दप्तरं उपसून नक्कल हातात ठेवायचास. "सिद्रामभाऊ हायत न्हवं? मग आज काम हुतंय की," म्हणत लोक खिडकीशी निवांत बसायचे. आणि आम्ही काय केलं? दुसऱ्यांची तुंबलेली कामंही तुझ्याच गळ्यात घातली. एकदा तरी नाही का म्हणाला नाहीस रे?

तुला हवं होतं तरी काय? बढतीवर अक्कलकोटची बदली. आईसाठी लाजत अर्ज दिलास. "अण्णा, अव्वाला आता उठवत न्हाई. तितं गेलो तर रोज संध्याकाळी मैंदर्गीला घरी जाता यील." मी हो म्हणालो. आणि त्याच अर्जावर लिहिलं, 'अत्यंत कार्यक्षम. यांना सोडल्यास काम अडेल.' तीन वर्षांत तीनदा! नकार वरून येतो, असं तू समजत राहिलास.

शेवटी ती जागा कुणाला मिळाली? अकरा वाजता येऊन पेपर उघडणाऱ्या, आणीबाणीतसुद्धा वेळेवर न आलेल्या कुलकर्ण्यांना! ते गेले तर बरं, असं सगळ्यांनाच वाटायचं. म्हणून त्यांची शिफारस मीच केली.

तुझ्या मातीला मैंदर्गीला आलो होतो. अव्वा अंथरुणावरूनच म्हणाली, "सायेब, माज्या लेकाचं काम चांगलं नव्हतं काय? मग का सोडलं न्हाई त्याला?" तिथे तरी खरं बोलायला हवं होतं. लाज वाटते रे.

विमल आली तेव्हा तिचा उरक बघून तुझीच आठवण यायची. मग कुणीतरी तिला तुझी हकिगत सांगितली. हल्ली एका नकलेला ती आठ दिवस लावते. परवा रागावलो, तर खाली मान घालून म्हणाली, "अण्णा, मला बार्शीला जायचंय. काम लवकर केलं की हितंच ऱ्हावं लागतंय म्हणं." कुठल्या तोंडानं दटावू तिला?

आपल्या कचेरीत काही बदलेल, ही आशा मी सोडली आहे. माझ्यामागून येणाराही कामाच्या माणसाला धरून ठेवील आणि बिनकामाच्याला वाट मोकळी करून देईल. खिडकीशी ताटकळणारे मला शिव्या देतात. देऊ देत.

तुला एकच वचन देतो, सिद्राम. विमलच्या शेऱ्यात मी 'साधारण' असं लिहीन. म्हणजे तिला कुणी अडवणार नाही.

तुझा अपराधी,
अण्णा